समोरून पाहिलेला काठ

मी निघाले त्या सकाळी वहिनी खड्ड्यात उतरलेली होती. खड्डा म्हणजे मागाचा. आमच्याकडे विणणारा जमिनीतल्या खड्ड्यात पाय सोडून बसतो, पायांनी पावड्या दाबतो आणि हातानं धोटा फेकतो. महेश्वरच्या आमच्या घरातली ती जागा बाबांची होती. अठरा वर्षं मी त्या घरात काढली, पण त्या फळीवर मला एकदाही बसू दिलं नव्हतं. आणि घरात येऊन वर्षही न झालेली ही बाई डोक्यावरचा पदर सावरत तिथं बसली होती, आणि बाबा खड्ड्याच्या कडेला उकिडवे बसून तिला धागे देत होते.

बाहेर ओट्यावर माझी ट्रंक होती. तिच्यावर वळकटी आणि लोणच्याची बरणी. हे, म्हणजे माझे यजमान, मोटारवाल्याशी हुज्जत घालत होते. मोटारीनं बडवाहापर्यंत आणि तिथून आगगाडीनं इंदूर. लग्न होऊन चार महिने झाले होते, माहेरपण आटोपलं होतं, आता संसाराला जायचं होतं. मी बाबांच्या पाया पडायला आत गेले. ते नव्या ताण्याचं, म्हणजे उभ्या धाग्यांचं, एकेक टोक जुन्याला जोडून घेत होते. त्या कामाला बोटांना राख लागते, नाहीतर धागा निसटतो. मी वाकले तेव्हा त्यांनी माझ्या डोक्यावर ठेवायला हात उचलला, बोटांकडे पाहिलं आणि मागे घेतला.

"राखेचे हात आहेत गं," म्हणाले. "जप."

बस्स, एवढंच. वहिनीनं मात्र खड्ड्यातूनच मान वर करून, "येत जा हं वन्सं," असं म्हटलं. येत जा! माझ्या घरात, माझ्या बापाच्या जागेवर बसून, मला म्हणते येत जा!

पोरींनो, तुम्ही भाच्या दर दिवाळीला फोनवर विचारता, आत्या, महेश्वर सोडताना तू रडलीस का? आणि माझ्या स्वतःच्या मुली, ज्या इंदूर सोडून कुठल्या कुठं गेल्या, त्याही विचारतात, आई, तुला घर सोडताना काय वाटलं होतं? खरं सांगू? मी रडले नाही. मी जळत होते. बडवाहापर्यंत जळले, कालाकुंडच्या घाटात आगगाडी कण्हत चढली तेव्हा जळले आणि इंदूरच्या स्टेशनावर टांगा ठरवताना यांनी "तब्येत ठीक आहे नी?" असं विचारलं तेव्हाही जळतच होते. लोक माहेर सोडताना आई आठवतात, अंगण आठवतात. मला त्या सबंध प्रवासात वहिनीच्या पायाखालच्या पावड्या ऐकू येत होत्या.

आता हे नीट सांगायला हवं, नाहीतर तुम्हाला वाटेल आत्या मुळातच खवट.

माझी आई मी सहा वर्षांची असताना गेली. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठा, पण त्याला मागाचा कंटाळा. खड्ड्यात बसवलं की त्याच्या पायाला मुंग्या यायच्या. पुढे तो नगरपालिकेच्या नाक्यावर नाकेदार झाला आणि सुटला. राहिले बाबा आणि मी. मागाच्या समोर, ताण्याच्या पलीकडे, माझा रहाट असायचा. तिथं बसून मी कांड्या भरायची. कांडी म्हणजे धोट्यात घालायची धाग्याची छोटी गुंडाळी. मान वर केली की धाग्यांच्या वरून मला बाबांचा चेहरा दिसायचा आणि त्यांच्यापुढचं नुकतं विणलेलं वीतभर कापड. बोलायचे कमी. पण माझी कांडी सैल भरली गेली की न बघता ओळखायचे आणि, "बने, लक्ष कुठंय?" असं म्हणायचे. बनू म्हणजे मी.

त्या कापडाला काठ असायचा लहरीचा. लहरीचे काठ गावात पुष्कळ जण विणत; किल्ल्याखाली नर्मदा वाहते, तर विणणारा दुसरं काय काढणार? पण आमच्या घरची लहर वेगळी. प्रत्येक लाटेच्या माथ्यावर एक धागा पुढं झुकलेला असे, लाट आता फुटणार असं वाटावं इतकाच. साडीभर त्या लाटा पदराकडे धावत जायच्या. गावातल्या कुणाला तो झुकलेला धागा जमत नसे. काठ कसा बांधायचा, कुठला धागा कुठल्या दोरीला अडकवायचा, ते फक्त बाबांना ठाऊक. त्यांना त्यांच्या आईनं शिकवलं होतं, आणि तिला तिच्या सासूनं.

हो, सासूनं. आमच्या घरात काठ मुलाला शिकवत किंवा सुनेला शिकवत. मुलीला नाही. मुलीनं कांड्या भरायच्या, खळ शिजवायची, साडी घडी करायची, पण काठ बांधायची वेळ आली की, "बने, जरा पाणी भरून आण." मी घागर घेऊन घाटावर जायची आणि परत येईपर्यंत बांधून झालेलं असायचं. चौदा वर्षांची असताना मी घागर खाली ठेवली आणि म्हटलं, मी नाही जात, मला शिकवा. बाबा हसले. म्हणाले, "तुला शिकवला तर उद्या तो दुसऱ्याच्या मागावर जाईल गं."

हे वाक्य लक्षात ठेवा. पुढं लागणार आहे.

मग दादाचं लग्न झालं आणि बऱ्हाणपुराहून वहिनी आली. नाव गोदावरी. कोष्ट्याचीच मुलगी, हात चलाख. काळीसावळी, बोलायला मऊ, आणि कुणी काही सांगितलं की, "हो मामंजी." पंधरा दिवसांत बाबांनी तिला खड्ड्यात उतरवलं. ज्या दिवशी काठ शिकवायचा त्या दिवशी आमच्यात सुनेला घरच्या काठाची साडी देतात. बाबांनी तिच्यासाठी लहरीची साडी विणली. डाळिंबी रंगाची. तिच्या सगळ्या कांड्या कुणी भरल्या? मी. आणि मग मला म्हणाले, "बने, जरा पाणी भरून आण."

तुमची शपथ, मी घागर नेली आणि घाटावर बसून राहिले. म्हटलं, करा तुम्ही सासरा-सून काय ते.

माझ्या लग्नाला मला चटईच्या, गावात कुणीही विणावा अशा काठाची साडी मिळाली. चांगली होती, नाही कशाला म्हणू? पण विणकराच्या मुलीला चांगली आणि घरची यातला फरक कळतो. लहरीची नेसून वहिनी माझ्या लग्नात मिरवत होती.

तर अशी मी इंदूरला आले. महाराजांचं राज्य जाऊन मध्य भारत झाला होता, आणि त्याची राजधानी थंडीत ग्वाल्हेरला, उन्हाळ्यात इंदूरला. फायलींच्या पेट्या अर्धं वर्ष तिकडे, अर्धं वर्ष इकडे. मला ते फार पटायचं. मीही तशीच होते. पेटी उघडली होती इंदूरला आणि जीव महेश्वरात, पण तिथं आता मला जागा नव्हती.

हे मिलमध्ये होते, डिझाइन खात्यातल्या मास्तरांच्या हाताखाली. आम्हाला मिलच्या चाळीत दोन खोल्या होत्या. भोंगा वाजला की सगळी चाळ उठायची. पहिल्यांदा यांनी मला मिल दाखवली तेव्हा मी दारातच कान झाकून उभी राहिले. एका छताखाली इतके माग, आणि एकही माणूस बसलेला नाही! सगळे उभे, इकडून तिकडे पळतायत. धोटा कोण फेकतो म्हणून विचारलं तर हे म्हणाले, "कोणी नाही. पट्टा फिरतो." मला हसूच आलं. बाबांना सांगितलं असतं तर म्हणाले असते, मग माणसं तिथं करतात काय?

चाळीत सगळ्या तऱ्हेचे लोक. माझी भाषा वर्षभरात अशी काही बदलली की माहेरी गेल्यावर दादा हसायचा. मी "अहो, सुनो तो" म्हणायला लागले होते, भाजीवाल्याला "भिया, सही भाव लगाओ नी" असं सुनवायला लागले होते. वहिनी माझी नक्कल करायची. गंमत म्हणून करत असेल, पण मला झोंबायचं. मी माझ्याच घरात परकी बोलते, आणि ही बऱ्हाणपूरची बाई आता अगदी बाबांसारखी "जप" म्हणते.

राजवाड्याच्या मागच्या बाजारात एका कापडाच्या दुकानी बाबांच्या साड्या यायच्या. मी कधी कधी उगाच तिकडून जायची. जुन्या दरबारातल्या घरांच्या बायका तिथं गादीवर बसून साड्या बघत. एकदा एक बाई आमच्या घरची लहर हातात घेऊन मैत्रिणीला म्हणत होती, बघ किती मऊ विणलीय. मला ओरडून सांगावंसं वाटलं, माझ्या बापानं विणलीय हो! मग मनात आलं, कशावरून? वहिनीनं विणली असेल. तिथल्या तिथं तोंड कडू झालं आणि मी सराफ्यात वळून यांच्यासाठी गराडू, म्हणजे तिथला तळलेला कंद, घेऊन घरी आले.

दादाची पत्रं यायची. त्याला लिहायचा कंटाळा, म्हणून चारच ओळी. पाऊसपाणी, तब्येती, आणि शेवटी नेमकं, "तुझ्या वहिनीचा हात आता बाबांसारखा बसला आहे. बाबा म्हणतात, मी डोळे मिटले तरी काळजी नाही." बिचाऱ्यानं चांगल्या मनानं लिहिलं असेल. मी ते पत्र चुलीत घातलं. मग काठीनं बाहेर काढलं, कारण त्यात बाबांच्या खोकल्याबद्दल काही होतं ते वाचायचं राहिलं होतं.

त्याच आठवड्यात हे मिलमधून चौकटीचा कागद घेऊन आले. म्हणाले, मास्तर नवे काठ शोधतायत, सणाच्या साड्यांना काहीतरी हटके पाहिजे. आणि सहज म्हणून टाकलं, "मतलब, तुमच्या घरच्या काठाची एवढी तारीफ ऐकतो, मला तर नीट बघायलाही नाही मिळाला. तुला काय येत असेल म्हणा! तुला तर शिकवलाच नाही नी."

तुला तर शिकवलाच नाही. एवढं म्हटलं की संपलं!

मी कागद ओढून घेतला. एक चौकट म्हणजे एक धागा, हे यांनी सांगितलं. मी डोळे मिटले, मागाच्या समोर जाऊन बसले, रहाटाशी, आणि काढायला लागले. दुपारचा भोंगा होऊन गेला, भात करपला, तरी मी उठले नाही. लाट, तिचा चढ, तिचा माथा, माथ्यावरचा तो झुकलेला धागा. बांधायचा कसा ते मला माहीत नव्हतं. पण बांधून झालेला मी बारा वर्षं रोज पाहिला होता. बांधण्याचं मिलचे लोक बघून घेणार होते. काढून झालं तेव्हा वाटलं, घ्या! खड्ड्यात न उतरता, कुणाला मामंजी न म्हणता, मी काढला की नाही काठ?

बाबांचं ते वाक्य त्या वेळी आठवलं का? आठवलं. खोटं बोलत नाही. आठवलं तरी मी कागद यांच्या हातात दिला.

दिवाळीच्या आधी मिलच्या साड्या बाजारात आल्या. सुती, स्वस्त, रंग भडक, पण काठ लहरीचा. मास्तर खूश, हे खूश, चाळीतल्या अर्ध्या बायकांनी घेतल्या. शेजारची भाभी नेसून आली, गिरकी घेऊन म्हणाली, "क्यों, जँच री है नी?" मी हो म्हटलं. पण मला त्यात काहीतरी बरोबर वाटेना. लाट होती, माथा होता, झुकलेला धागाही होता, तरी बघताना कसंसंच व्हायचं. मिलचं सूत जाडं असतं, म्हणून असेल, असं मी स्वतःला समजावलं.

त्यानंतर बाबा इंदूरला आले. दुकानात साड्या द्यायला यायचे तेव्हा दुपारी आमच्याकडे जेवायचे. त्या दिवशी आले ते गठ्ठा परत घेऊनच. ओट्यावर टेकले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "शेठजींनी लहर घेतली नाही. म्हणाले, बाबाजी, ये तो अब मिल में बन री है."

माझ्या हातातलं पिठलं पळीतच राहिलं. बाबांनी पिशवीतून कागदात गुंडाळलेली एक साडी काढली. मिलची. विकत घेऊन आले होते. सतरंजीवर त्यांनी ती लांबवर पसरली, एका टोकाला बसले आणि काठावरून बोट फिरवत खूप वेळ बघत राहिले. कपाळाला आठी. मग उठले. साडीला वळसा घालून दुसऱ्या टोकाशी जाऊन बसले, मान जरा खाली घातली आणि तिकडून बघितलं. तिथं मात्र त्यांचा चेहरा असा काही झाला की मला कळेना, हे आता रडणार की हसणार.

"हं," म्हणाले. नंतर माझ्याकडे बघितलं, यांच्याकडे बघितलं नाही. "मिलवाल्यांनी बरं काढलंय."

जेवले. पिठलं मागून घेतलं. साडीची घडी घालून पिशवीत ठेवली आणि संध्याकाळच्या गाडीनं गेले. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी सारखी वाट बघत होते, आता विचारतील, आता विचारतील. विचारलं असतं तर मी पाय धरले असते. त्यांनी विचारलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

महिन्याभरानं दादाचं पत्र आलं. दुकानदार लहर घेत नाहीत, म्हणून बाबांनी लहर उतरवली, आता चटई आणि विटेचा काठ विणतात.

वाचून मला पहिल्यांदा काय वाटलं सांगू? तुम्हाला वाईट दिसेल, पण आता या वयात लपवून काय करू? मला बरं वाटलं. म्हटलं, घे वहिनी, आता काय करशील त्या शिकलेल्या काठाचं? मला नाही मिळाला, तुलाही नाही. दोन दिवस मी गुणगुणत घर आवरलं. तिसऱ्या दिवशी भाभी तीच साडी नेसून पाण्याला उभी होती, आणि मला एकाएकी कळलं की आता तो काठ फक्त हिच्या अंगावर उरला आहे. बाबांच्या मागावर नाही. मी नळावर हंडा तसाच टाकून आत आले आणि दार लावून रडले. माहेर सोडताना रडले नव्हते ते तेव्हा रडले.

त्यानंतर मी माहेरी जायचं टाळायला लागले. कधी मुलीचं दूध, कधी यांचं पथ्य, कारणं काय, हवी तेवढी. बाबांसमोर कुठल्या तोंडानं बसू?

मध्य भारत मोडून मध्य प्रदेश झाला त्या वर्षी बाबा गेले. खोकला छातीत उतरला. तार मिळून मी पोचले तोवर सगळं झालं होतं. तेरा दिवस घरात माणसांची ये-जा. वहिनी रांधत होती, वाढत होती, आणि मी तिच्याशी कामापुरतं बोलत होते. चौदाव्या दिवशी मी ट्रंक भरत होते तेव्हा ती दारात येऊन उभी राहिली.

"वन्सं, जरा मागाच्या खोलीत या."

माग रिकामा नव्हता. विटेच्या काठाचं अर्धवट कापड चढलेलं होतं. माझा रहाट समोर, होता तिथंच. वहिनीनं पेटीतून जुन्या धोतरात बांधलेला गठ्ठा काढला आणि माझ्या हातात दिला. उघडला, तर आत साडी. मोरपंखी, रेशमाचा ताणा आणि सुताचा बाणा, हातात घेतली तर पाण्यासारखी घरंगळणारी. आणि काठ लहरीचा.

"नेसायच्या आधी नीट बघा," वहिनी म्हणाली.

मी पदर उलगडला. लाटा पदराकडे येत नव्हत्या. पदराकडून उलट्या, निऱ्यांच्या दिशेनं निघाल्या होत्या.

"चुकली की," मी म्हटलं.

"चुकली? इंदूरहून परत आले त्या दिवशी मामंजींनी मला इथं बसवलं. या रहाटाशी, तुमच्या जागेवर. तेव्हा मागावर लहरच होती. म्हणाले, सूनबाई, इथून बघ, काय दिसतं? मी म्हटलं, लाट अंगावर येते. म्हणाले, मी विणतो तिथून ती पुढं जाते. मिलच्या साडीत अंगावर येतेय. म्हणजे जिनं काढली ती इथं बसत होती."

मी रहाटाच्या दांड्याला धरलं. यांच्या चौकटीच्या कागदावर मी लाट अंगावर येतानाच काढली होती, विणताना दुसरी कधी पाहिलीच नव्हती. आणि बाबा त्या साडीला वळसा घालून माझ्या बाजूला जाऊन बसले होते.

"चिडले नाहीत?"

"दोन दिवस जेवले नाहीत. खोटं कशाला सांगू? पिढ्यांचा काठ गेला, वाईट वाटणारच. तिसऱ्या दिवशी भाकरी मागितली आणि जेवता जेवता हसायलाच लागले. म्हणे, बनीनं एक धागा चुकवला नाही. फक्त बसली होती तिथून काढली. मग येणाऱ्या-जाणाऱ्याला तेच. ह्याला सांग, त्याला सांग. न शिकवता काढली, एक धागा चुकला नाही!" वहिनीचा मऊ आवाज अचानक फाटला. "मला सहा वर्षं शिकवलं वन्सं. रोज नावं ठेवली. इथं सैल, तिथं घट्ट. एकदाही म्हणाले नाहीत की गोदे, छान. गोदे तर सोडाच, सूनबाई म्हणायचे. मला शिकवलं, कारण मी सून होते. दुसरी कुणी आली असती तर तिला शिकवलं असतं. तुमच्या नावानं मात्र गावभर फिरले. तुम्ही घर बुडवलंत, आणि कौतुकही तुमचंच! ही साडी मी किती वेळा चुलीपाशी नेली, देवाला माहीत."

मी तिच्याकडे बघतच राहिले. जळते म्हणजे कशी दिसते बाई, हे मला आरशात कधी नीट दिसलं नव्हतं. ते समोर उभं होतं, हुबेहूब माझ्यासारखं, नाकपुड्या फुललेल्या. आणि मला, देवाशप्पथ, हसू आलं. तिलाही आलं असावं, कारण तिनं पदर तोंडाला लावला.

"मग जाळली का नाहीस?"

"जाळू कशी? अर्धी मीच विणलीय."

मग तिनं ते सांगितलं. त्या काठासाठी सगळी बांधणी उलटी करावी लागली. बाबांनी तिला जवळ बसवून ती बांधून घेतली. त्या काठाची एकच साडी विणायची, बनूसाठी, असं ठरवलं. अर्धी झाली आणि त्यांचे डोळे गेले. मोतीबिंदू. उरलेली तिनं पुरी केली. त्यांनी बोटांनी चाचपून पाहिली आणि म्हणाले, ठेवून दे, ती येईल. पण ती येतच नव्हती.

मी साडी खोलीभर पसरली. गुडघ्यांवर रांगत काठावरून बोट फिरवत गेले, या टोकापासून त्या टोकापर्यंत. बाबांचा हात मला माहीत होता. ठोका घट्ट, प्रत्येक लाटेचा माथा किंचित दाबलेला. बाबांचा हात कुठं संपतो आणि वहिनीचा कुठं लागतो ते मला दिसायलाच हवं होतं. विणकराची मुलगी मी. पण नाही दिसलं. तिसऱ्यांदा फिरवलं, तरी नाही. आणि पुन्हा माझ्या पोटात ते जुनं दुखणं उठलं. दादानं लिहिलं होतं ते अगदी खरं होतं, मेलीचा हात बाबांसारखाच बसला होता.

"वहिनी, कुठून तुझा हात आहे?"

ती रहाटाशी, माझ्या जागेवर बसली होती. खूप वर्षांनी तिच्या तोंडावर मी समाधान पाहिलं.

"नाही सांगणार," म्हणाली.

पोरींनो, तुमची आई आता ऐंशीच्या पुढं आहे आणि मी तिच्या मागोमाग. मिल बंद पडून कितीतरी वर्षं झाली. चाळ गेली, हे गेले. मी इंदूरची झाले. माझ्या मराठीत आता मराठी शोधावी लागते, हे तुम्ही म्हणताच. पण दर दिवाळीला ती मोरपंखी साडी काढते, पलंगावर पसरते, चष्मा लावते आणि बोट फिरवत जाते. मग तुमच्या आईला फोन लावते. "सांग ना." "नाही जा." एवढंच बोलणं, दर वर्षी. फोन ठेवला की मी दिवसभर चडफडते, आणि मला पक्कं माहीत आहे, तिकडे ती दिवसभर खूश असते.

या दिवाळीला मात्र तिचा आवाज खोल गेला होता. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "वन्सं, सांगून टाकू का आता? मी गेले म्हणजे कोण सांगणार?"

साडी माझ्यासमोर पसरलेली होती. बोट काठावर होतं. इतकी वर्षं ज्यासाठी जळले ते ती आपणहून द्यायला निघाली होती. तिनं सांगितलं असतं तर अर्धी साडी बाबांची झाली असती आणि अर्धी तिची. ती बाबांची अर्धी मी छातीशी धरली असती आणि उरलेल्या अर्धीवर मरेपर्यंत जळले असते. आता कसं, जिथं बोट ठेवीन तिथं बाबा असू शकतात. वहिनीही असू शकते. माझं माहेर म्हणून जे काही उरलंय, ते एवढंच आहे.

"सांगू नकोस," मी म्हटलं. "सांगितलंस तर याद राख, गोदे."

तिला गोदे म्हणणारं त्या घरात कधी कुणी नव्हतं.